सरांचं वाक्य

"हे वाक्य माझं आहे!" सर माझ्या शिफारसपत्रावर बोट आपटत म्हणाले. "कालच केतकीच्या पत्रात मी हे लिहिलंय. माझीच वाक्यं चोरून माझ्याकडेच सहीला आणतेस?"

माझं डोकं सणकलं. परदेशी विद्यापीठांना सरांचं पत्र लागतं, आणि सर प्रत्येकाला सांगतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." केतकीचं इंग्रजी कच्चं, म्हणून तिचं पत्र मीच लिहून दिलं होतं.

"सर, तेही मीच लिहिलंय. तुम्ही नुसती सही ठोकलीत."

"आवाज खाली!"

"नाही करणार! तीन वर्षं तुमच्या लॅबमध्ये राबतेय. तुमच्या शोधनिबंधातले सगळे आलेख माझे आहेत. एक वाक्य लिहा, सर. माझ्याबद्दल, स्वतःच्या मनानं, फक्त एक. मग मी जाते."

माझं पत्र उचलून घेऊन मी कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. सरांनी पेनाचं टोपण काढलं. पेन कागदावर टेकवलं, मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"नाव काय म्हणालीस तुझं?"