मागचा आवाज

हंबीररावांनी रिमोट दाबला, टीव्हीतलं हेलिकॉप्टर वर उडालं आणि सोफ्यावर पाहुणे म्हणून बसलेल्या नानासोंनी झटकन डोकं खाली केलं.

"डोक्यावरनं गेलं की ओ," नानासो म्हणाले. "मागच्या डब्यातनं आवाज निघाला न् सरळ पाठीत घुसला."

टीव्हीशेजारी मांडी घालून बसलेल्या केरबानं ओठ दातांखाली धरला. कारण मागच्या दोन्ही डब्यांतून, म्हणजे स्पीकरांतून, काही म्हणजे काही निघत नव्हतं. केरबाचं कराडच्या स्टँडजवळ वायरिंगचं दुकान. दुपारभर ह्या मलकापूरच्या बंगल्यात खपून त्यानं सगळं जोडलं होतं. पुण्याहून आणलेला भला मोठा टीव्ही, डीव्हीडी, अँप्लिफायर, पुढचे तीन स्पीकर. चित्र तर असं स्वच्छ, की सैनिकाच्या दाढीचे खुंट मोजून घ्यावेत. मागच्या दोन स्पीकरांच्या वायरीसुद्धा त्यानं सतरंजीखालून अँप्लिफायरपर्यंत आणल्या होत्या आणि तिथं मुद्दाम मोकळ्या सोडल्या होत्या. आठवडाभर हंबीरराव भेटेल त्याला सांगत सुटले होते, आमच्यात आता मागनंबी आवाज येणार. तो कुणाकुणाला येतोय, एवढंच केरबाला बघायचं होतं.

सगळ्यांना येत होता. हंबीररावांच्या बायकोच्या, संयोगितावहिनींच्या, कानाजवळून गोळी सणसणत गेली. हंबीररावांना मागं पाऊस पडल्यासारखं वाटलं. उद्या स्टँडवर हे कसं रंगवून सांगायचं, ह्या विचारानं केरबाच्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या होत्या.

मग हंबीररावांनी वडलांना विचारलं. आबा, म्हणजे तोफखान्यातून रिटायर झालेले लालासाहेब हवालदार, मागच्या स्पीकरला जवळजवळ टेकूनच खुर्चीत बसले होते.

"मागनं काय न्हाई येत," आबा म्हणाले. "सगळं म्होरनंच येतंय."

नानासो खो खो हसले. म्हणाले, तोफांनी कान खाल्लं म्हाताऱ्याचं. आबांनी वाकून स्पीकरला कान लावला आणि परत तेच सांगितलं. तेवढ्यात वहिनींना आठवलं, परवा परसात हाक मारली तर मामंजींनी ओ दिली नव्हती. नानासोंना आठवलं, बाजारात रामराम घातला तर गडी सरळ निघून गेला. एकाला आठवलं की दुसऱ्याला आणखी आठवायचं. परसात पाण्याची मोटर चालू होती, असं आबा सांगत राहिले. ते कुणाच्या कानात शिरलं नाही.

हंबीरराव मात्र हसत नव्हते. ते उठून वडलांच्या पुढ्यात उकिडवे बसले.

"आबा, मागनं उसाचा ट्रक आला तर हारन ऐकू येईल का तुमास्नी? लुनाची चावी द्या माज्याकडं."

केरबाच्या पोटातल्या गुदगुल्या जागच्या जागी थांबल्या. रोज सकाळी हायवेच्या कडेकडेनं लुनावर मळ्याकडं निघालेले आबा त्याला दुकानाकडं जाताना दिसायचे. हात वर करायचे. मळ्यावर त्यांचे दोघं-तिघं जुने सोबती जमायचे, चुलीवर चहा व्हायचा, मग बोलणी. बायको गेल्यापासून त्यांचा सगळा दिवस त्या मळ्यावरच जात होता.

"मग मळ्यात कसा जाऊ रं?" आबांनी विचारलं.

"मी न्हीन की. सवड मिळंल तवा."

आबांनी खिशातून चावी काढली. हात पुढं केला, मागं घेतला आणि मग चावी देऊन टाकली.

बोलावं, असं केरबाला वाटलं. पण बोललं तर नानासो उघडे पडणार, वहिनी पडणार, खुद्द हंबीरराव पडणार. पाहुण्यांसमोर लाज गेलेला माणूस वायरमनला सोडत नाही. त्यानं नजर चुकवून हात अँप्लिफायरच्या मागं घातला आणि वायरींची टोकं चिमट्यांत सरकवली.

मागून असा काही धमाका झाला की नानासोंच्या हातातली बशी सतरंजीवर गेली. वहिनी भिंतीला चिकटल्या. हंबीरराव गर्रकन मागं वळले. आबाही खुर्चीत दचकले, पण त्यांच्याकडं बघतंय कोण?

"आवाज वाढवलास व्हय रं?" नानासोंनी विचारलं.

केरबा उभा राहिला. मान वर होईना. जमिनीकडं बघतच त्यानं सांगितलं, की वायर आत्ता जोडली. तोवर मागचे डबे मुके होते. गंमत म्हणून आपणच तसे ठेवले होते. खोलीत खरं बोलले ते फक्त आबा.

नानासोंनी हंबीररावांकडं पाहिलं, हंबीररावांनी नानासोंकडं. मग हंबीरराव हसले आणि चावी त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली.

"म्हाताऱ्याचं मन राखतोय गडी. आरं, ह्या कानांनी ऐकलंय मी."

नानासोंनीही सुटल्यासारखा श्वास सोडला. गेल्या शिमग्याला ह्याच केरबानं त्यांच्या दाराची बेल शेजारच्या गोठ्यात नेऊन जोडली होती. ह्याचं काय खरं मानायचं, असं ते म्हणाले. केरबानं गळ्याची शपथ घेतली, तसे सगळे आणखीच हसले.

तो आबांच्या खुर्चीपाशी जाऊन बसला. पाठीमागं स्पीकर गडगडत होता, खुर्चीचा दांडा हाताला थरथरताना लागत होता.

"आबा, चुकी माजी हाय," तो म्हणाला. "तुमचं कान झ्याक हायत. आता तुमीच सांगा ह्यास्नी. मागनं आवाज येतोय का न्हाई?"

आबांनी मान मागं वळवली नाही. त्यांनी आधी लेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग नानासोंच्या. मग सुनेच्या.

"तुमी समदी म्हणताय," ते म्हणाले, "तर येत आसंल."