माळ्यावरचा डेटा

क्लाउडचं बिल का फुगतंय, हे साहेबांना समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मी घरातलंच उदाहरण दिलं.

"साहेब, रोजची भांडी ओट्यावर, जुनी माळ्यावर. तसा जुना डेटा आपण स्वस्तातल्या जागेत टाकू. भाडं अगदी कमी. फक्त खाली काढाल, तेव्हा दरवेळी हमाली पडेल."

साहेबांना एकदाचं पटलं. मी सगळा जुना डेटा तिकडे हलवला.

पुढच्या महिन्यात बिल दुप्पट! मी तणतणत केबिनमध्ये शिरलो, तर साहेब खुशीत.



"तुझ्या माळ्यावर माझं बारीक लक्ष आहे हं! रोज सकाळी सगळं खाली काढतो, नीट आहे ना बघतो, आणि मगच परत वर टाकतो."