वालाचा आठवडा

सोमवारी दहा वाजता नाईकवाडी मॅडमनी पहिलीच्या वर्गात ओल्या कापसावर वालाचा एक दाणा ठेवला. दहा वाजून चार मिनिटांनी अद्वय म्हणाला, "मॅडम, मेला."

"मेला नाही. जुन्या जातीचा आहे. याला कोंब यायला चार दिवस लागतात. थांबायचं."

वर्गाने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. मुलांच्या घरी सकाळी वाल पेरला की कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत शेंगा लागत. हळू उगवणारा हा एकुलता एक दाणा मॅडमनी तीन तालुके पालथे घालून मिळवला होता. पोरांनी आयुष्यात एकदा तरी कशाची वाट बघावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

मंगळवारी स्वरांगीच्या आईचा फोन आला. "वर्गात मेलेलं ठेवलंय म्हणे? पोरगी जेवत नाहीये."

बुधवारी आणि गुरुवारी मॅडम प्रशिक्षणाला गेल्या. शुक्रवारी येऊन बघतात तर वाटी रिकामी. घासूनसुद्धा ठेवलेली.

"परवाच पुरला," अद्वय म्हणाला. "घसरगुंडीमागे. सगळे रडलो. बाटलीभर पाणी पण घातलं."

मॅडम धावत सुटल्या, मागोमाग वर्ग. मातीतून नखाएवढा हिरवा कोंब वर आला होता.

"बघा, जिवंत आहे," मॅडम म्हणाल्या आणि वळल्या. मागे कुणीच नव्हतं. मेलेला परत आला म्हणून अख्खी पहिली किंचाळत गेटबाहेर पोचली होती.

उपक्रमाच्या वहीत शेवटचा रकाना होता : मुले काय शिकली? मॅडमनी बराच वेळ पेन चावलं आणि लिहिलं, "अंत्यविधी."