पाठवणीची चाल

चारला येतो म्हणून सांगायचं आणि पाचला उगवायचं, ही सुयशची खोड लिलाबाईला मुळीच खपत नव्हती. वर चपला घालून थेट आत. चहा दोन घोटांत संपवायचा, जशी काही एस.टी. सुटतेय. बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, आणि त्याच बोटांनी क्लॅरोनेट धरायचं.

"घड्याळ विकलं का रे?"

"गाडी भरायची होती अक्का. घड लई होते."

"मग घडच वाजवत बस."

सुयश हसला नाही. एरवी हसायचा. बत्तीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप. लग्नसराईत यावलच्या बँडमध्ये वाजवायचा, उरलेलं वर्ष केळीच्या गाड्या भरायचा. लिलाबाईकडे तो एकाच चालीसाठी येत होता.

चाल तिच्या नवऱ्याची, सुपडूची. नवरी सासरी निघाली की वाजवायची. सुपडू जाऊन नऊ वर्षं झाली. मग कुणाच्या तरी लग्नात भरलेली जुनी कॅसेट कुणीतरी मोबाइलवर चढवली, आणि यावलपासून पहूरपर्यंत मांडवामांडवात लोक तीच मागू लागले. चार ओळींची चाल. शेंबडं पोरही गुणगुणेल. म्हणून प्रत्येक बँडला वाटायचं, यात काय मोठं? आणि प्रत्येक बँड तिथेच आपटायचा. कुणी तिच्यात ढोल घातला. कुणी ओळीओळीला गिरक्या घेतल्या. पहूरच्या एका पार्टीने तर अशी वाजवली की नवरीने रडणं सोडून नाचायला लागावं.

बँडवाल्याला जोराने वाजवायची सवय. जनरेटर, फटाके, नाचणारे, सगळ्यांच्या वरून ऐकू गेलं पाहिजे. सुपडूने ही चाल एका खोलीच्या घरात बसवली होती, झोळीत त्यांची लेक संघमित्रा निजलेली असताना. पोर जागी झाली की लिलाबाई त्याच्याकडे असं बघायची की तो मुकाट्याने क्लॅरोनेट ओठांवरून काढायचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत चाल वाजली आणि पोर निजलेलीच राहिली, त्या दिवशी तो म्हणाला, झाली. आता संघमित्रा सुरतेला होती. रविवारी फोन करायची. बोलता बोलता भाजी चिरायची, ते इकडे ऐकू यायचं.

गावोगावचे वाजवणारे विचारायला आले. लिलाबाईने एकेकाला दारातूनच वाटेला लावलं. "तुमी पोरीले वाटे लावता का हाकलता?" एवढं ऐकलं की पुन्हा कुणी फिरकत नसे.

सुयश फिरकला. दुसऱ्या बुधवारी आला, तिसऱ्याही. ती म्हणाली, फुंक कमी कर. तो कमी करून आला. ती म्हणाली, तिसरी ओळ एका श्वासात घे. त्यासाठी तो महिनाभर धडपडला, मग तीही घेऊन आला. त्यानंतर तिने चुकलेली जागा दाखवणं सोडलं. तो वाजवायचा, ती जमिनीकडे बघत ऐकायची आणि म्हणायची, "नही. अजून नही." मग चहा ठेवायला उठायची. दूध ती बुधवारचंच घ्यायची. बाकीचे दिवस तिला कोरा चहा चालायचा.

आजही त्याने वाजवलं. ती जमिनीकडे बघत राहिली. चाल संपली तेव्हा त्याने क्लॅरोनेट मांडीवर आडवं ठेवलं, आणि ती तोंड उघडायच्या आत तोच बोलला.

"अक्का, नरडाण्याले कंपनीत जागा हाये. साडू बोलावतो. उद्या हे बँडच्या मालकाले परत देऊन टाकतो."

"काहून?"

"मले कळतच नही कुठं चुकते ते. आधी तुमी सांगायच्या, मी करायचो. आता तुमी नुसतं नही म्हणता. मी घरी वाजवतो, बायको म्हणते बरं वाजलं. मलेबी तसंच वाटते. अन् इथं आलो की नही." त्याने बोटांचे डाग अंगठ्याने घासले. "वाजवणाऱ्याले सोताची चूक ऐकू येत नसली त तो बहिराच ना? बहिऱ्याचं काय काम बँडमधी?"

लिलाबाई चहा ठेवायला उठली नाही.

"एक जागा दाखवा," तो म्हणाला. "एकच. दाखवली त मी जात नही. दर बुधवारी येतो. वर्ष लागो, दोन लागो."

जागा दाखवणं काही अवघड नव्हतं. दुसऱ्या ओळीचा शेवट थोडा लांबव, एवढं म्हणायचा अवकाश, त्याने मान डोलावली असती. पुढच्या बुधवारी लांबवून आला असता. त्याच्या पुढच्याही बुधवारी आला असता. चपला घालून, उशिरा, पण आला असता. आणि मग मांडवामांडवात सुपडूची चाल तशीच लांबवलेली वाजत राहिली असती. बाकीच्यांनी न समजून बिघडवली होती. हिने समजून बिघडवली असती.

सुयशने क्लॅरोनेटचे तुकडे सुटे केले. फडक्यात एकेक गुंडाळू लागला. तो घाई करत नव्हता. एरवी चहासुद्धा उभ्या उभ्या पिणारा माणूस.

"ठेव ते खाली," लिलाबाई म्हणाली.

त्याने ठेवलं.

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पाठ भिंतीपासून सोडवून ताठ केली. "एकदाच सांगीन. परत विचारायचं नही, अन् गावात बोलायचंबी नही."

"नही बोलत अक्का."

"आज बरोबर वाजलं," ती म्हणाली. "मागच्या बुधवारीबी बरोबर वाजलं व्हतं. अन् त्याच्या मागच्याबी."