एक वाचक

या, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही पुढं सरका. एका सुनेची गोष्ट सांगायची आहे. लहानशीच आहे, पण शेवटपर्यंत कान द्या.

सकाळचे सात वाजले होते. सुनेनं लॅपटॉप उघडला आणि बघते तर काय! सासऱ्यांची वेबसाइट तिनं आदल्या दिवशी नव्या सर्व्हरवर हलवली होती. हलवताना एक खूण करायची राहून गेली आणि चार वर्षं रोखून ठेवलेल्या प्रतिक्रिया रातोरात जगासमोर आल्या. एकशे ब्याण्णव! प्रत्येकीवर नाव एकच: 'एक वाचक'. आणि हा वाचक म्हणजे ती स्वतः.

सासरे निवृत्त मुख्याध्यापक. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. दर रविवारी त्यांचा लेख साइटवर चढे. शिक्षण, नोकरी, राजकारण, विषय कुठलाही असो, मत ठाम. बोलण्यात त्यांना कुणी हरवलं नव्हतं. घरातलं तर कुणी त्या फंदातच पडत नसे. साइट सून सांभाळायची, तिचा व्यवसायच तो. लेख चढवला की प्रतिक्रियेची चौकट नीट चालते का, हे बघायला ती एक खोटी प्रतिक्रिया पाठवायची. तिच्या धंद्यातले लोक अशा वेळी 'अ आ इ ई' असं काहीबाही खरडतात. ही मनातलं लिहायची. मग ती प्रतिक्रिया रोखून ठेवायची. पुसायला मात्र तिचा हात धजत नसे.

अण्णांनी लिहिलं, गृहपाठाशिवाय शिक्षण नाही. हिनं लिहिलं, "गृहपाठ मुलांना नसतो हो, त्यांच्या आयांना असतो." अण्णांनी लिहिलं, तरुणांना राजकारणातलं काही कळत नाही. हिनं लिहिलं, "मग निवडणूक आली की त्यांच्याच दारात हात जोडून का उभे राहतात?" अण्णा म्हणाले, घराबाहेर न पडता केलेल्या कामाला काम म्हणू नये. ही म्हणाली, "तुमचा हा लेख घरात बसूनच जगापुढं ठेवलाय. घरातून केलेलं कामही कामच." आणि एकदा तर अण्णांनी वेबसाइट बनवण्यावरच लेखणी चालवली. नुसती रंगरंगोटी आहे, आठवड्यात कुणालाही जमेल, म्हणाले. हिनं एवढंच लिहिलं, "शिका. मी आठवडाभर थांबते."

पण देवाची करणी बघा. महिन्याभरात अण्णांचाच लेख आला: एक शीर्षक पानाच्या मधोमध आणायला मला दोन तास लागले, या कामाला माझा दंडवत. मग गृहपाठावर नव्यानं लिहिलं. घरातून होणाऱ्या कामावर लिहिलं, तो लेख तर लोकांनी छापून भिंतीला लावला. वाचक म्हणू लागले, वयानुसार अण्णा निवळले. सुनेलाही तसंच वाटलं.

आता मात्र सगळं उघड्यावर आलं होतं. लेखांवरून भांडण झालं असतं तर ते एक वेळ मिटलं असतं. पण घरची सून चार वर्षं नाव लपवून बोल लावते, हे कळल्यावर अण्णा पुन्हा तिच्याशी सरळ बोलले असते का?

स्वयंपाकघरातून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. त्या फोनवर वाचत होत्या.

"अगं, हा 'एक वाचक' कोण गं? यांना चांगलंच धारेवर धरलंय! चाळीस वर्षांत मला हे जमलं नाही."

"आई, अण्णांनी वाचलं?"

"चष्मा शोधतायत. आहे डोक्यावरच. मी सांगितलं नाही अजून."

एक बटण दाबलं असतं तर सगळं पुसलं गेलं असतं. सुनेचं बोट बटणावर गेलंही. पण दाबण्याआधी तिनं एक प्रतिक्रिया पुन्हा वाचली. मग दुसरी वाचली. कुठं खोटं सापडेना. शब्द तिखट होते, पण वाईट भाव एकातही नव्हता. तिनं लॅपटॉप तसाच उचलला आणि सरळ गॅलरीत गेली.

अण्णा खुर्चीत बसले होते. चष्मा सापडलेला दिसत होता.

"अण्णा, 'एक वाचक' मीच आहे. चार वर्षं लपवलं, ते चुकलं. लिहिलेलं एकही वाक्य मात्र मागं घेणार नाही."

"लपवलंस?" अण्णांनी मान वर केली. "अगं, कुणी काही लिहिलं की त्याची प्रत मला ईमेलनं यावी, ही सोय पहिल्या दिवशी कुणी केली?"

सुनेनं कपाळावर हात मारला. सोय तिचीच होती आणि नेमकी तीच ती विसरली होती.

"लेख चढला की पाचव्या मिनिटाला तुझी प्रत यायची. तेव्हा अजून कुणी वाचलेलाही नसायचा, मग दुसरं कोण लिहिणार? रविवारी मी तिचीच वाट बघत बसायचो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर वाद झाला असता. आणि वादात मी हरत नाही, पोरी. तू गप्प झाली असतीस आणि मी होतो तिथंच राहिलो असतो." ते लॅपटॉपकडे वळले. "पुसू नकोस काही. नाव तेवढं बदल. तुझं घाल."

तर मंडळी, देव कुणाच्या तोंडून बोलेल याचा नेम नाही. भिंतीला लावलेला तो लेख कधी तुमच्या नजरेला पडला, तर खाली अण्णांचं नाव दिसेल. त्यांना खुशाल नमस्कार करा. पण त्याची पहिली ओळ आहे, 'घरातून केलेलं कामही कामच.' ती वाचताना त्या सुनेची आठवण ठेवा.