खारट बोल्ट

उजनी धरणाच्या गोड्या पाण्यातल्या शिडाच्या बोटीचे बोल्ट वर्षात तिसऱ्यांदा गंजले, तेव्हा टेंभुर्णीचा बुद्धभूषण मिस्त्री चक्रावला. ट्रॅक्टरचा बिघाडसुद्धा चाखून ओळखणारा गडी तो! त्यानं तळाचं लोखंडी वजन धरून ठेवणारा बोल्ट उपसला आणि हळूच जीभ लावली. खारट! त्यानं मालकिणीकडं, येसूबाईंकडं पाहिलं.

"बायपास झालाय ह्यांचा, तरी एकटेच बोट घिऊन जात्यात," त्या कुजबुजल्या. "मीठ टाकलं की बोट काठावर ऱ्हाती, बाबा."

बुद्धभूषणनं नवे बोल्ट आवळले आणि येसूबाईंच्या यजमानांना, रावसाहेबांना, गंभीरपणे बजावलं, "तात्या, बोटीचा तोल गेलाय. हितनं पुढं एकट्यानं बसायचं न्हाय. जोडीला माणूस पायजेच."

"या वयात कोण येतंय माझ्यासंगं?"

येसूबाई चपला हातात घेऊन आधीच बोटीत चढल्या होत्या.