मक्याचे विलायती पोहे

"एक डबा जरी परत आला, तरी नोकरी गेली समजा," असं बजावूनच साहेबाने कर्णिकांना विलायतेहून आलेले मक्याचे पोहे विकायला श्रीवर्धनला धाडलं होतं. पण ते थंड दुधात घालून खायचे म्हटलं, की गिऱ्हाईक हसून पुढे जाई.

शेवटी हताश होऊन त्यांनी एक डबा खानावळवाल्या आवडाबाईंना देऊन टाकला. बाईंनी खमंग फोडणी देऊन त्याचा चिवडा केला आणि बंदरावर झुंबड उडाली. आठवड्यात सगळे डबे संपले.

कर्णिकांनी तसं कळवताच साहेबाची तार आली. तोंडातला चिवडा चावतच त्यांनी ती वाचून दाखवली, "शाबास. कोकणी माणूस अखेर इंग्रजी न्याहारी शिकला. आणखी शंभर डबे पाठवतो."

कढईवरची नजर न काढता आवडाबाई म्हणाल्या, "सायबाला कळवा, संगती मिरच्या बी धाड म्हणावं."